गाडीची बॅटरी उतरली? जंप-स्टार्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाड्यांच्या वायरिंगचं आणि बॅटरीचं काम करताना लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. बरेचसे केबल आणि चिमट्यांचे आहेत. शेवटी थोडे वेगळेही आहेत, कारण 'जंप-स्टार्ट' हा शब्द आता बोनेटखालून निघून अर्थसंकल्पाच्या चर्चेत आणि हॉस्पिटलमध्येही पोचला आहे.

जंप-स्टार्ट केलं म्हणजे बॅटरी चार्ज झाली, बरोबर?

नाही. हा गैरसमज आधी दूर करायला हवा, कारण पुढचे निम्मे घोटाळे त्यातूनच होतात. जंप-स्टार्टमध्ये दुसऱ्या बॅटरीतून वीज उसनी घेऊन आपल्या गाडीचा सेल्फ फिरवतात आणि इंजिन चालू करतात. इंजिन एकदा चालू झालं की गाडीला लागणारी वीज तिचा स्वतःचा अल्टरनेटर बनवतो, आणि उतरलेली बॅटरीही तोच हळूहळू भरतो. म्हणजे उसनवारी फक्त त्या दोन-तीन सेकंदांची. बॅटरी का उतरली हा प्रश्न जसाच्या तसा शिल्लक राहतो.

आतला दिवा लागतो, टेपही चालतो. मग सेल्फ का लागत नाही?

कारण आतल्या दिव्याला अर्धा अँपिअरही लागत नाही आणि सेल्फच्या मोटरला छोट्या पेट्रोल गाडीतसुद्धा शंभर ते दीडशे अँपिअर लागतात. डिझेलला त्याहून बरेच जास्त, कारण तिथे हवा दाबायला जोर अधिक लागतो. टाकीत तळाशी पाणी असावं, बारीक धार यावी, पण बादली भरायला दाब नसावा, अशी उतरलेल्या बॅटरीची अवस्था असते.

यातली एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १५० अँपिअर तीन सेकंद वापरले तर एकूण खर्च होतो जेमतेम ०.१२५ अँपिअर-तास (बॅटरीतला साठा मोजायचं माप). छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. त्यामुळे 'माझ्या गाडीवरून जंप दिला तर माझी बॅटरी संपेल' ही शेजाऱ्यांची भीती निराधार आहे. बॅटरी सुस्थितीत असेल आणि तुम्ही दहा-पंधरा वेळा सेल्फ मारत बसला नाहीत, तर मदत करणाऱ्याचं काही कमी होत नाही.

बॅटरीच गेली आहे की दुसरं काही, हे कसं ओळखायचं?

कान द्या. किल्ली फिरवल्यावर किंवा बटण दाबल्यावर पटापट टक-टक-टक-टक असा आवाज येत असेल आणि डॅशबोर्डचे दिवे त्याच तालावर मिणमिणत असतील, तर बॅटरी उतरली आहे. एकच जोरात 'टक' येऊन शांतता, आणि दिवे मात्र लखलखीत, तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या सोलेनॉइडवर, म्हणजे सेल्फला वीज जोडणाऱ्या स्विचवर. सेल्फ झकास फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर गडबड इंधनाची किंवा स्पार्कची आहे. तिथे जंप-स्टार्टचा काडीचा उपयोग नाही. उलट सेल्फ मारून मारून चांगली बॅटरी उतरेल.

आणि काहीच नाही, ना दिवा ना आवाज, असं असेल तर केबल शोधण्याआधी बोनेट उघडा आणि बॅटरीचे दोन्ही टर्मिनल हाताने हलवून बघा. टर्मिनल सैल असणं हे फार साधं कारण आहे आणि ते फार वेळा सापडतं. टर्मिनलवर पांढरट-निळसर, भुसभुशीत थर आलेला असेल तर त्यातूनही वीज नीट जात नाही. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासलं की तो फसफसून निघतो. हातमोजे घालूनच करा, तो थर कातडीला लागू देऊ नका. नंतर कोरडं पुसून पेट्रोलियम जेली लावा. कधी कधी एवढ्यावरच गाडी चालू होते.

मल्टिमीटर (व्होल्ट-अँपिअर मोजायचं यंत्र) असेल तर सोपंच आहे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे तिच्या भरवशावर गावाला निघू नये.

केबल कोणत्या क्रमाने लावायच्या?

आधी गाडीचं माहितीपुस्तक उघडा. काही गाड्यांत बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असते आणि जंपसाठी बोनेटखाली वेगळा, लाल टोपीचा पॉइंट दिलेला असतो. पुस्तकात काही वेगळं लिहिलं असेल तर पुस्तकाचं ऐका.

एरवी क्रम असा. दोन्ही गाड्या जवळ घ्या, पण एकमेकींना चिकटवू नका. बंपरला बंपर लागता कामा नये. दोन्ही गाड्या न्यूट्रलला, ऑटोमॅटिक असेल तर पार्कला. हँडब्रेक ओढलेला, इग्निशन बंद, दिवे, एसी, टेप सगळं बंद. दोन्ही बॅटऱ्यांवर १२ व्होल्ट लिहिलंय याची खात्री करा आणि + कुठे, − कुठे हे बोट ठेवून एकदा मोठ्याने म्हणा. चेष्टा नाही, अंधारात आणि घाईत माणूस उलटं लावतो.

आता लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या + ला. लाल केबलचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या + ला. मग काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या − ला. उरलेला काळा चिमटा बंद गाडीच्या इंजिनवर, बॅटरीपासून लांब, रंग नसलेल्या जाड धातूवर: इंजिन उचलण्याचा हुक, एखादा जाड बोल्ट किंवा इंजिनचा ब्रॅकेट. पत्र्यावर किंवा प्लॅस्टिकच्या आवरणावर लावून उपयोग नाही. पंखा आणि पट्ट्याच्या वाटेत केबल लोंबकळत नाही ना, तेही बघा.

चिमटा नुसता टेकवून भागत नाही. दात टर्मिनलच्या धातूत रुतले पाहिजेत. लावल्यावर थोडा डावी-उजवीकडे फिरवा, म्हणजे वरचा काळपट थर खरवडला जातो आणि पकड बसते. जंप 'लागला नाही' म्हणून लोक हात टेकतात, त्यांतल्या पुष्कळ गाड्या चिमटा असा फिरवल्यावर चालू झालेल्या मी बघितल्या आहेत.

मग चांगली गाडी चालू करून चार-पाच मिनिटं राहू द्या. तेवढ्यात उतरलेल्या बॅटरीत थोडा जीव येतो. नंतर बंद गाडीला सेल्फ मारा, एका वेळी पाच सेकंदांहून जास्त नाही. नाही लागली तर अर्धा-एक मिनिट थांबा, चिमटे तपासा, पुन्हा मारा. तीन-चार प्रयत्नांत काहीच झालं नाही तर थांबा. दोष दुसरीकडे आहे.

शेवटचा काळा चिमटा बॅटरीच्या मायनसलाच लावला तर काय होतं?

बहुतेक वेळा काहीच होत नाही, आणि म्हणूनच ही सवय जात नाही. पण एखाद्या वेळी जे होतं ते भयंकर असतं. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. शेवटचा चिमटा लागतो तेव्हा सर्किट पूर्ण होतं आणि तिथे ठिणगी उडते. ती ठिणगी बॅटरीच्या तोंडाशी उडाली आणि तिथे हायड्रोजन साठलेला असेल, तर बॅटरी फुटते आणि आतलं सल्फ्युरिक ॲसिड तोंडावर, डोळ्यांत येतं. ठिणगी उडायचीच असेल तर ती बॅटरीपासून दोन हात लांब उडू द्या, एवढंच त्या नियमाचं कारण आहे. वाकून बघू नका, जवळ सिगारेट नको, आणि चष्मा असेल तर घाला. ॲसिड डोळ्यांत गेलंच तर किमान १५ मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळे धुवत राहा आणि तडक दवाखाना गाठा.

नव्या, स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होण्याची सोय) असलेल्या गाड्यांत आणखी एक कारण आहे. मायनस टर्मिनलवर बॅटरीचा सेन्सर बसवलेला असतो. चिमटा थेट तिथे लावला तर त्या सेन्सरला ही वीज समजत नाही आणि त्याचा हिशेब चुकतो.

प्लस-मायनस उलटे लागले तर?

जोरात ठिणगी उडेल, केबल तापेल. लगेच काढा. बऱ्याचदा मुख्य फ्यूज उडतो आणि बाकीचं वाचतं. नशीब वाईट असेल तर अल्टरनेटरचे डायोड किंवा गाडीचा कॉम्प्युटर जातो, आणि तो खर्च नव्या बॅटरीच्या कित्येक पट असतो.

केबल विकत घेताना काय बघायचं?

पाकिटावर छापलेले अँपिअर बघू नका. ५००, ८००, १०००, काय वाटेल ते छापतात. तांब्याची जाडी बघा. जाड रबराच्या आत केसासारखी तार असलेल्या केबल बाजारात भरपूर आहेत. हातात घेतल्यावर वजन लागलं पाहिजे. पेट्रोल गाडीसाठी १६ चौरस मिलिमीटर आणि डिझेल एसयूव्हीसाठी २५ चौरस मिलिमीटर तांबं असलेली घ्या. लांबी तीन मीटरच्या आसपास पुरे. लांब केबल सोयीची वाटते, पण जितकी लांब तितका विजेचा जोर वाटेत जिरतो.

गाडी चालू झाली. आता पुढे?

केबल उलट्या क्रमाने काढा: आधी इंजिनवरचा काळा, मग चांगल्या बॅटरीचा काळा, मग चांगल्या बॅटरीचा लाल, शेवटी आपला लाल. काढण्याआधी चालू झालेल्या गाडीचा ब्लोअर लावून ठेवा, म्हणजे केबल सुटताना व्होल्टेज उसळला तरी तो तिथे जिरतो. हातातले चिमटे एकमेकांना लागू देऊ नका.

मग गाडी चालवा. अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर, सिग्नलला रखडत नव्हे. जागेवर उभी करून घुर्र-घुर्र करण्याने फार थोडं भरतं. आणि अर्ध्या तासात बॅटरी पूर्ण भरते असंही नाही. पार उतरलेली बॅटरी नीट भरायची तर चार्जरवर आठ-दहा तास लागतात. बॅटरीवाल्याकडे रात्रभर लावून ठेवणं हा उत्तम मार्ग.

गाडी चालू असतानाही डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवा विझत नसेल, तर अल्टरनेटर चार्जिंग करत नाहीये. चालू इंजिनवर बॅटरीच्या टोकांना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे नसतील तर पुढे लांब जाऊ नका. थोड्या वेळाने गाडी चालता चालताच बंद पडेल.

आमचा फिटर दुसरी बॅटरी लावून गाडी चालू करतो आणि इंजिन चालू असतानाच बॅटरी बदलतो. चालतं का?

चालत नाही. ही पद्धत जुन्या, साध्या वायरिंगच्या गाड्यांत खपून गेली. 'टर्मिनल काढून बघू, गाडी चालू राहिली तर डायनामो (म्हणजे आताचा अल्टरनेटर) चांगला' ही तपासणीही त्याच काळातली. चालू इंजिनवरून बॅटरी काढली की अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणात कित्येक पट उसळतो. बॅटरी तिथे असते तेव्हा तो झटका तीच पचवते. ती नसली की तो थेट गाडीच्या कॉम्प्युटरवर जातो. फिटर कितीही जुना आणि विश्वासाचा असो, 'दादा, माझ्या गाडीला असं करू नका' हे स्पष्ट सांगा.

ट्रक किंवा एसटीवरून जंप घेता येईल?

नाही. मोठ्या ट्रक-बसमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. कारला २४ व्होल्ट दिले तर नुकसान ठरलेलं. ट्रॅक्टर बहुतेक १२ व्होल्टचे असतात, तिथे खात्री करून घेता येतो. व्हिंटेज गाड्या बाळगणाऱ्यांनी वेगळी काळजी घ्यावी. १९५० च्या दशकापर्यंत ६ व्होल्टच्या गाड्या सर्रास होत्या, आणि काही ब्रिटिश गाड्यांत मायनसऐवजी प्लसच बॉडीला जोडलेला असतो.

धक्का मारून चालू करण्यात वाईट काय आहे?

मॅन्युअल गिअरच्या गाडीत तसं वाईट काही नाही. सपाट रस्ता, पाठीमागून दोन-तीन माणसं, इग्निशन ऑन, क्लच दाबलेला, दुसरा गिअर. गाडीने धावण्याचा वेग धरला की क्लच झटकन सोडायचा आणि इंजिनने पकडलं की पुन्हा दाबायचा. पहिल्या गिअरमध्ये फार जोराचा झटका बसतो, म्हणून दुसरा.

पण आजच्या गाडीत इंधनाचा पंप आणि इंजेक्शनचा कॉम्प्युटर दोन्ही विजेवर चालतात. डॅशबोर्ड अंधारात असेल, एकही दिवा लागत नसेल, तर अख्खी आळी धक्का मारायला आली तरी गाडी चालू होणार नाही. थोडी धुगधुगी असेल तरच धक्का कामाचा. पुन्हा पुन्हा धक्के मारून न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं आणि तिथला, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, तेही खरं. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने चालू होत नाही, एएमटी (गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, पण गिअर आपोआप बदलणारी) सुद्धा नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: किल्ली ऑन नसेल तर स्टिअरिंग लॉक होतं, आणि इंजिन बंद असताना ब्रेक व पॉवर स्टिअरिंग दगडासारखे जड होतात. घाटाच्या उतारावर हा प्रयोग कृपा करून करू नका.

इलेक्ट्रिक गाडीला जंप-स्टार्ट लागतो?

लागतो, आणि पुष्कळांना याचं नवल वाटतं. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांत मोठ्या बॅटरीखेरीज १२ व्होल्टची छोटी बॅटरीही असते. दारांची कुलुपं, डॅशबोर्ड आणि मोठ्या बॅटरीला जोडणारा स्विच तिच्यावर चालतो. ती उतरली की मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. या छोट्या बॅटरीला जंप देता येतो, पुस्तकात दाखवलेल्या पॉइंटवरच. उलट बाजूने, म्हणजे अशा गाडीवरून दुसऱ्या कारला जंप देऊ नका. बहुतेक कंपन्या मनाई करतात. आणि केशरी रंगाच्या जाड केबलला हात लावायचा नाही. तिथे शेकडो व्होल्ट असतात.

कारवरून बाइक चालू करता येते का?

दोन्ही १२ व्होल्टच्या असतील तर येते, पण कारचं इंजिन बंद ठेवून. बाइकची बॅटरी फार लहान असते. कारच्या बॅटरीतल्या नुसत्या साठ्यावर बाइक सहज चालू होते. किक असेल तर आधी किक मारून बघा. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यानंतर आलेल्या अनेक दुचाकी मात्र बटणावरच चालतात.

जंप-स्टार्टची पॉवर बँक घ्यावी का?

एकट्याने रात्री-अपरात्री प्रवास करणाऱ्यांनी, आणि ज्यांच्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये दुसरी गाडी समोरासमोर आणायला जागाच नाही त्यांनी, जरूर घ्यावी. दुसरी गाडी लागत नाही, हा तिचा मोठा फायदा. मात्र दर दोन महिन्यांनी चार्ज तपासा, नाहीतर गरजेच्या वेळी तीच उतरलेली निघते. उन्हात उभ्या, बंद गाडीत ६० अंशांच्या वर तापमान जातं. पॉवर बँकेतल्या लिथियम बॅटरीला ते सोसत नाही. डॅशबोर्डवर तर ठेवूच नका.

नवी बॅटरी टाकली तरी गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की उतरते. का?

बंद गाडीही वीज खाते. अलार्म, घड्याळ, रिमोटची वाट बघणारा रिसीव्हर, कॉम्प्युटरची मेमरी. चांगल्या गाडीत हे सगळं मिळून २० ते ५० मिलिअँपिअर असतं. ३० धरा. दिवसाला ०.७२ अँपिअर-तास, महिन्याला २१ च्या वर. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त गेले. म्हणजे गाडीत कुठलाही दोष नसताना महिनाभरात ती सेल्फ मारायला कमी पडते. २०२० च्या लॉकडाउननंतर पार्किंगमध्ये उभ्या गाड्या चालू होईनात, त्या याच हिशेबाने. डिसेंबरात परदेशातून येणारी मंडळी वर्षभर झाकून ठेवलेली गाडी चालू करायला जातात, तिथेही हेच.

त्यात बाहेरून बसवलेल्या वस्तूंची भर पडते. चोवीस तास चालणारा डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, वायर कापून जोडलेला ॲम्प्लिफायर. खरं सांगायचं तर 'नवी बॅटरी खराब निघाली' अशी तक्रार घेऊन आलेल्या गाड्यांत मी आधी हे बघतो. बॅटरीच्या मायनसच्या वाटेत मल्टिमीटर लावायचा, गाडी लॉक करून अर्धा तास झोपू द्यायची आणि मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला आकडा धपकन खाली येतो, त्या वाटेवर चोर आहे.

गणपतीला गावी नेऊन अंगणात आठ-दहा दिवस उभी केलेली गाडी, त्यात पोरं बसून गाणी लावतात, सगळ्यांचे मोबाइल चार्ज होतात. निघायच्या दिवशी ती बसली तर दोष तिचा नाही. चार दिवसांतून एकदा अर्धा तास फिरवून आणा. दोन-चार महिने उभीच राहणार असेल तर मायनस टर्मिनल काढून ठेवा. घड्याळ आणि टेपचं सेटिंग जाईल, बॅटरी राहील.

हेडलाइटचा हिशेबही पाठ असू द्या. ५५ वॉटचे दोन दिवे म्हणजे सुमारे ९ अँपिअर. चार तासांत ३५ ची बॅटरी रिकामी, आणि सेल्फ मारायच्या लायकीची ती त्याच्या बरीच आधी राहत नाही.

बॅटरी थंडीतच का दगा देते?

मारतो उन्हाळा, उघडकीला आणते थंडी. उष्णतेने बॅटरीतल्या रासायनिक क्रिया वेगाने होतात, प्लेटा झिजतात, पाणी उडतं. विदर्भातल्या ४५ अंशांच्या मे महिन्यात बॅटरी आतून खंगते, पण सेल्फ मारते, कारण गरम इंजिन फिरवायला जोर कमी लागतो. मग डिसेंबर येतो, निफाडकडे पारा खाली उतरतो, ऑइल घट्ट होतं, बॅटरीची ताकदही थंडीने घटते, आणि सकाळी सहाला गाडी मान टाकते. आपल्याकडे बॅटरी तीन ते पाच वर्षं टिकते. चौथ्या वर्षाच्या दिवाळीला ती तपासून घ्या. पाणी घालायच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं नको.

जंप-स्टार्ट कधी करूच नये?

बॅटरीची पेटी फुगलेली, तडकलेली किंवा गळत असेल. सडक्या अंड्यासारखा वास येत असेल. पेटीवर पाण्याची पातळी दिसते आणि ती प्लेटांच्या खाली गेली असेल. किंवा बॅटरी गोठली असेल. महाराष्ट्रात याची भीती नाही, पण लडाख-स्पितीला हिवाळ्यात गाडी नेणाऱ्यांना आणि कॅनडातल्या आपल्या माणसांना आहे. भरलेली बॅटरी उणे ५० अंशांपर्यंत गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीत मात्र ॲसिड पातळ झालेलं असतं, ती उणे दहाच्या आधीच गोठू शकते. गोठलेल्या बॅटरीला जंप दिला तर ती फुटते.

हायवेवर एकटं असताना?

गाडी डाव्या कडेला घ्या, हजार्ड लाइट लावा. बॅटरी इतकी उतरली असेल की तेही लागत नाहीत, तर लाल त्रिकोण बराच मागे ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही मदतीची लाइन चोवीस तास असते. गाडीच्या विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर जंप-स्टार्ट बहुधा त्यातच येतो. पॉलिसी आधीच उघडून बघा, कारण घाटात रेंज असतेच असं नाही. मदतीला थांबलेल्या माणसाकडे केबल नसते, म्हणून ती आपल्या डिकीत असलेली बरी.

सेल्फ नव्हता तेव्हा लोक काय करायचे?

समोरून लोखंडी हँडल घालून इंजिन हाताने फिरवायचे. इंजिनने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं. म्हणून हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ वळायची नाही, हे आपल्याकडचे जुने ड्रायव्हरही शिकवत. विजेवरचा सेल्फ अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो आला. फोर्डच्या मॉडेल टीला तो मिळायला १९१९ उजाडलं. तेव्हापासून गाडी बॅटरीवर अवलंबून झाली. त्या बॅटरीची लेड-ॲसिडची मूळ रचना मात्र त्याहून जुनी, गास्ताँ प्लाँतेची १८५९ सालची.

'अर्थव्यवस्थेला जंप-स्टार्ट' असं बातम्यांत म्हणतात. ही उपमा बरोबर आहे का?

अर्ध्या वेळा. महामंदीच्या सुरुवातीला, डिसेंबर १९३० मध्ये, ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्सने अर्थव्यवस्थेची तुलना बंद पडलेल्या मोटारीशी केली होती. बिघाड मॅग्नेटोचा आहे, असं त्याचं म्हणणं. मॅग्नेटो म्हणजे इंजिनला ठिणगी पुरवणारा भाग. शेतं, कारखाने, कामगार, कसब सगळं होतं तिथेच आहे, फक्त ठिणगी मिळत नाही, हा त्याचा मुद्दा होता. सरकारने खर्च करून चाक फिरवावं, पुढे ते आपोआप फिरेल, हा विचार त्यातूनच पुढे आला. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेने ७८७ अब्ज डॉलरचं पॅकेज आणलं, मे २०२० मध्ये भारताने २० लाख कोटी रुपयांचं जाहीर केलं, तेव्हा बोलणं याच भाषेत झालं. ५ एप्रिल २०१२ ला बराक ओबामांनी सही केलेल्या एका कायद्याच्या नावातच 'जंपस्टार्ट' आहे. छोट्या नव्या कंपन्यांना लोकांकडून भांडवल उभारणं त्याने सोपं केलं.

माझं मत असं की ही उपमा वापरणाऱ्याला गाडीवाल्याचाच प्रश्न विचारावा: अल्टरनेटर चालतोय का? लॉकडाउनमध्ये दुकान बंद झालं पण गिऱ्हाईक आहे, माल आहे, कारागीर आहेत, अशा धंद्याला तीन महिन्यांचं कर्ज म्हणजे खरा जंप-स्टार्ट. ज्या धंद्यात माल विकून खर्चही निघत नाही, त्याला दरवर्षी अनुदान लागणार. त्याला जंप-स्टार्ट म्हणून लोकांची फसवणूक करू नये.

शॉक देऊन हृदय 'जंप-स्टार्ट' करतात ना?

नाही, आणि इथे ही उपमा जीवावर बेतू शकते. डिफिब्रिलेटर बंद हृदय चालू करत नाही. हृदय भलत्याच, विस्कटलेल्या तालात थरथरत असतं तेव्हा शॉक ती थरथर थांबवतो, म्हणजे हृदयाचा स्वतःचा नैसर्गिक ताल पुन्हा सूत्रं हाती घेऊ शकतो. मॉनिटरवर सरळ रेषा असेल तेव्हा शॉक देतच नाहीत, छाती दाबतात आणि औषधं देतात. कोणी कोसळलं, प्रतिसाद नाही, नीट श्वास नाही, तर रुग्णवाहिका बोलवा आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब द्यायला लागा. ऑटोमॅटिक मशीन जवळ असेल तर आणायला सांगा. शॉक द्यायचा की नाही, ते मशीनच ठरवतं आणि बोलून सांगतं.

मराठीत हेच कसं म्हणावं?

आपल्याकडे तयार शब्द आहेत. सरकारी फाइल धक्का मारल्याशिवाय हलत नाही. थकलेल्या माणसाची बॅटरी उतरते, सुट्टीनंतर चार्ज होते. कोणीतरी मागून चावी मारतो आणि दुसरा भांडायला उभा राहतो. रखडलेल्या कामाला चालना मिळते. 'जंप-स्टार्ट' मी तेव्हाच वापरीन, जेव्हा बाहेरची मदत थोड्याच वेळाची असेल आणि पुढचा गाडा आपल्याच बळावर चालणार असेल.

रेसमध्ये 'जंप स्टार्ट' केल्याबद्दल दंड का होतो?

तो शब्द वेगळा. तिथे अर्थ आहे वेळेआधी सुटणं. फॉर्म्युला वनमध्ये पाच लाल दिवे विझण्याआधी गाडी हलली, तर सेन्सर ते टिपतो. २०१९ च्या रशियन ग्रांप्रीत किमी रायकोनेन या ड्रायव्हरला त्यासाठी दंड म्हणून पिट लेनमधून, म्हणजे गाड्या दुरुस्तीला थांबतात त्या संथ वाटेने, जावं लागलं. पुढच्याच शर्यतीत, जपानमध्ये, सेबास्टियन वेटेलची गाडीही दिव्यांआधी किंचित पुढे सरकली होती. पण ती हालचाल सेन्सरच्या मर्यादेत बसली आणि तो सुटला.